प्लेनोच्या वकिलाची पिशवी

"डोळे सगळ्यांनाच असतात, नजर फक्त मला आहे," असं त्र्यंबक रायरीकर स्वतःबद्दल सांगत, आणि तेही कुणी विचारलेलं नसताना. अख्ख्या उत्तर टेक्सासमध्ये आपल्या तोडीचा गुप्तहेर नाही, हे त्यांचं दुसरं वाक्य. अख्ख्या अमेरिकेतही बहुधा नसावा, हे तिसरं. पण पुरावा हाती आल्याशिवाय आपण तसा दावा करणार नाही, असंही ते विनयाने जोडत. पोटापाण्यासाठी ते एका टेलिकॉम कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याबद्दल त्यांना पगार मिळे, आणि त्यामुळे जगात सगळीकडे घोळ आहे व तो आपल्यालाच दिसतो, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती.

त्यांच्या नावावर एक गाजलेलं प्रकरणही होतं. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मोदकांचे ट्रे गायब झाले, तेव्हा रायरीकरांनी खजिनदाराची आरतीपासून जेवणापर्यंत उलटतपासणी घेतली. ट्रे फ्रीजमध्ये होते. "म्हणजे कुणीतरी ते तिथे मुद्दाम ठेवले," असा निष्कर्ष काढून त्यांनी तपास यशस्वीरीत्या बंद केला. खजिनदाराने पुढे मंडळच सोडलं. रायरीकर याला कबुलीजबाब म्हणत.

अशा माणसाला सुशांत ठोंबरेने आपल्या घराच्या व्यवहारात का घेतलं? त्याचं कारण जुनं होतं. तो नागपूरहून नवाकोरा आला तेव्हा रायरीकरांनी त्याला आपल्या गाडीतून लायसन्सच्या परीक्षेला नेलं होतं. तो नापास झाला होता, पण उपकार तो उपकार. तेव्हापासून रायरीकर बोलत आणि सुशांत मान हलवत असे. या मान हलवण्यामुळेच आपल्याला सहायकाची पदवी मिळाली आहे, हे त्याला उशिरा कळलं.

घर होतं प्लेनोत, विटांचं, एकमजली, पुढे पिकॅनचं डेरेदार झाड. आणि स्वयंपाकघराला खिडकी. सुशांतच्या बायकोने, रुपालीने, त्या खिडकीपाशीच घर ठरवून टाकलं. आठ वर्षं ती भाड्याच्या अपार्टमेंटात काढत होती. फोडणी घातली की स्मोक अलार्म बोंबलायचा, आणि सुशांतने खुर्चीवर चढून टॉवेल फडकवायचा, तेव्हा कुठे वरण व्हायचं. "मला हिंगमोहरी घालून शांतपणे जेवण करायचंय, सुशांत," ती त्या रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली होती, "बाकी काही नको." तिचे डोळे भरून आले होते आणि सुशांतने ते पाहिलं होतं.

करार झाला. टेक्सासमध्ये करारानंतर थोडे दिवस मन बदलायची मुभा असते. सुशांतची मुभा शुक्रवारी संध्याकाळी संपत होती. तोवर एजंट ब्रेंडाला "नको" म्हटलं की सुटका, आणि नको म्हणायचीच वाट बघत दुसरं एक कुटुंब टपून बसलं होतं. कागद एकदा वकिलाला दाखवून घे, असं ऑफिसातल्या कुणीतरी सुचवलं आणि वॉल्टर हॅगर्टी या म्हाताऱ्या स्थानिक वकिलाचं कार्ड दिलं. ते कार्ड रुपालीने फ्रीजवर चिकटवलं. सुशांतने मात्र रायरीकरांना फोन केला.

"स्थानिक?" रायरीकर तुच्छतेने म्हणाले. "स्थानिक माणूस स्थानिकांचा असतो. विकणाराही स्थानिकच ना? वकील आपला माणूस हवा." त्यांचा आपला माणूस न्यू जर्सीत होता. फोनवर त्याने आपल्याला टेक्सासचा कायदा अजिबात येत नसल्याचं सांगितलं. "बघ, किती प्रामाणिक!" रायरीकर म्हणाले.

तरी सोमवारी दोघं हॅगर्टीकडे गेले. जुन्या प्लेनोत, लाइट रेलच्या स्टेशनाजवळ त्यांचं छोटंसं ऑफिस होतं. म्हाताऱ्याने स्वतः दार उघडलं, स्वतःच कॉफी दिली आणि पहिल्या भेटीची फी नसते असं सांगितलं. रायरीकरांची भुवई वर गेली. पत्ता ऐकताच म्हातारा म्हणाला, "अच्छा, पिकॅनच्या झाडाचं घर! मागचं कुंपण कललंय बघा त्याचं. जोराचा पाऊस आला की पाणी मागच्या पायरीला लागतं. ते ठीक करून घेतल्याशिवाय ताबा घेऊ नका." रायरीकरांची दुसरी भुवईही वर गेली. मग त्यांनी कागदातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. जमिनीखालच्या खनिजांवर पूर्वीच्या मालकाचा हक्क राहील, असं तिथे लिहिलं होतं.

"ती ओळ इकडे जवळजवळ प्रत्येक घराच्या कागदात असते," हॅगर्टी म्हणाले. "काळजी करू नका."

"कळवतो," सुशांत म्हणाला.

बाहेर येताच रायरीकरांनी त्याचा दंड धरला. "फुकट सल्ला देणारा वकील! आणि न बघितलेल्या घराचं कुंपण त्याला पाठ! सुशांता, याने गुपचूप स्वतःच बोली लावली आहे. तुला घाबरवून पळवणार आणि घर घशात घालणार."

"दादा, त्याला घर कसं माहीत, हे आपण त्यालाच विचारूया ना?"

रायरीकर थांबले. इतका प्राथमिक प्रश्न त्यांना बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. "विचारायचं? विचारलं की सावज सावध होतं. मी आजवर एकाही प्रकरणात कुणाला काही विचारलेलं नाही." खजिनदार हा अपवाद त्यांच्या लक्षात नव्हता.

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर दोघांनी सुशांतच्या कोरोलातून हॅगर्टीच्या ट्रकचा पाठलाग केला. ट्रक सरळ त्याच रस्त्यावर शिरला, पिकॅनच्या झाडावरून पुढे गेला आणि कोपऱ्यावर वळून दिसेनासा झाला. "घराची टेहळणी," रायरीकर पुटपुटले. बुधवारी घराचा मालक बागेला पाणी घालताना दिसला. त्याच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी होती. हॅगर्टीच्याही डोक्यावर अशीच टोपी होती. "सख्खे भाऊ," रायरीकर म्हणाले. टेक्सासमध्ये अशी टोपी निम्म्या पुरुषांच्या डोक्यावर असते, याकडे सुशांतने त्यांचं लक्ष वेधलं. "मोठं कुटुंब आहे," रायरीकर म्हणाले.

त्या रात्री त्यांचा फोन आला. आधीच्या दोन्ही सिद्धांतांपेक्षा भव्य असा तिसरा सिद्धांत त्यांना अंघोळ करताना सुचला होता. "खनिज! सुशांता, आपण कुठे आहोत? टेक्सासमध्ये. टेक्सासच्या पोटात काय आहे?"

"तेल?"

"तुझ्या मागच्या अंगणात तेल आहे. पायरीला लागतं ते पाणी नाही. म्हाताऱ्याला हे ठाऊक आहे आणि हक्क त्याने आधीच लाटलाय. उद्या घर तुझं, तेल त्याचं, आणि तुझ्या बायकोच्या तुळशीच्या जागी पंप. कॅन्सल कर."

सुशांतला खरोखरच भीती वाटली. आपण काही समजत नसलेल्या कागदांवर सही करून आयुष्यभर अडकणार, ही भीती त्याला आधीपासूनच होती; रायरीकरांनी तिला फक्त तेल पुरवलं. रुपाली झोपली होती. तिला उठवून सांगायची हिंमत त्याला झाली नाही. शुक्रवारी दुपारी ब्रेंडाला फोन करायचा आणि मग रुपालीला सांगायचं, असं त्याने ठरवून टाकलं, आणि ठरवताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"गुरुवारी संध्याकाळी शेवटचा पुरावा," रायरीकर म्हणाले.

गुरुवारी ते पक्षी बघायची दुर्बीण आणि चिवड्याचा डबा घेऊन आले. कोरोला झाडापासून थोडी दूर, रस्त्याकडेच्या सार्वजनिक बागेच्या कचराकुंडीशेजारी उभी केली. ऊन कलायला लागलं आणि हॅगर्टी चालत आले. हातात दोरी होती.

"जमीन मोजायची दोरी!" रायरीकर दुर्बिणीतून बघत कुजबुजले.

"दादा, दोरीच्या टोकाला कुत्रा आहे."

"अर्थात. तेलाचा वास घ्यायला शिकवलेला कुत्रा. म्हणूनच आखूड पायांचा निवडलाय, नाक जमिनीलगत राहतं."

घरासमोरच्या गवताच्या पट्टीत कुत्रा थांबला. हॅगर्टींनी बराच वेळ कुंपणाकडे निरखून बघितलं. मग खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, हातावर चढवली, वाकले आणि गवतातून काहीतरी उचलून पिशवीला गाठ मारली.

"बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून!" रायरीकरांचा आवाज कापत होता. "मातीचा नमुना, सुशांता! याचि देही याचि डोळा!"

"दादा, मला वाटतं ते..."

"वाटणं हे हौशी लोकांचं काम."

हॅगर्टी पिशवी कुंडीत टाकून पुढे गेले. "बघ, निरोप्यासाठी ठेवून गेला," असं म्हणत रायरीकरांनी दार उघडलं, कुंडीत हात घातला आणि पिशवी घेऊन परत गाडीत बसले. सुशांतने काच खाली करायला हात नेला. रायरीकरांनी तो अडवला. गुप्तता महत्त्वाची होती. त्यांनी गाठ सोडली.

सुशांतने नाकाला रुमाल लावला.

"अजून ऊबदार आहे," रायरीकर डोळे मिटून म्हणाले. "जमिनीखालची उष्णता. आणि हा वास, कच्च्या तेलाला थेट असाच वास असतो." त्यांनी आणखी एकदा दीर्घ श्वास घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच किंचित शंका आली.

सुशांतच्या बाजूच्या काचेवर टकटक झालं. बाहेर रुपाली उभी होती. तिच्या शेजारी हॅगर्टी, आणि हॅगर्टींच्या पायाशी तो कुत्रा, आपला ऐवज ओळखून शेपूट हलवत.

सुशांतने काच खाली केली. रुपाली वासाने एक पाऊल मागे सरली.

"तुमच्या मित्राच्या हातात आहे ते या आमच्या बिस्किटचं आहे," हॅगर्टी रायरीकरांकडे बघत सौम्यपणे म्हणाले. "हवं असेल तर ठेवा. आम्हाला रोज मिळतं."

"तुम्ही इथे रोज येता, हे नाकारू शकाल?" रायरीकरांनी पिशवी पुढे धरून विचारलं.

"कशाला नाकारू? कोपऱ्यावरून तिसरं घर माझं. सव्वीस वर्षं याच रस्त्यावर कुत्री फिरवतोय. म्हणून तर ते कुंपण कललेलं दिसलं, आणि वसंतातल्या पावसात ती पायरी बुडताना पाहिली."

"आणि खनिज?" सुशांतने क्षीण आवाजात विचारलं.

"माझ्याही कागदात तेच वाक्य आहे. अजून तरी तुमच्यासारखं कुणी खणायला आलं नाही."

रुपाली खिडकीपाशी वाकली आणि मराठीत, खालच्या आवाजात बोलू लागली. तिचा खालचा आवाज सुशांतला ओरडण्यापेक्षा जास्त लागायचा. "तीन दिवस या माणसाच्या मागे फिरलास. कार्ड फ्रीजवर होतं. फोन करून 'तुम्हाला घर कसं माहीत' एवढं विचारायला किती वेळ लागतो? आणि मला? मला काही विचारलंस? माझं घर आहे ना ते?"

"मी उद्या कॅन्सल करणार होतो," सुशांत म्हणाला. लपवायची त्याची ताकद संपली होती. "तुला न सांगता. सॉरी, रुपाली. मी घाबरलो होतो गं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "झोपेत बडबडत होतास. तेल, तेल."

"तर्क म्हणून माझी मांडणी अचूक होती," रायरीकर मागून म्हणाले. "फक्त पदार्थ वेगळा निघाला."

त्यांच्याकडे कुणीच लक्ष दिलं नाही. सुशांत हॅगर्टींकडे वळला आणि जमेल तेवढं धैर्य गोळा करून इंग्रजीत म्हणाला, "सर, मला माफ करा. तुम्ही अजूनही आमचं काम घ्याल का? उद्याच मुदत संपते."

हॅगर्टींनी टोपी मागे सारली. "काम? तुमच्या पत्नीने मंगळवारी सकाळीच फोन करून मला नेमलंय. विकणाऱ्याशी बोललो आज. ताबा देण्याआधी तो कुंपण आणि मागचं पाणी दोन्ही ठीक करून देतोय, लेखी." मग ते जरा खाली वाकले. "एक सांगू? समोरच्या घरातल्या बाई कालच पोलिसांना फोन करणार होत्या. गाडीत दोन माणसं घरावर नजर ठेवून बसतात म्हणून. मी म्हटलं, राहू द्या, त्यातला एक माझा अशील आहे."

रुपालीने गाडीचं दार उघडलं आणि सुशांतला उतरायला सांगितलं. ती कागदांसाठी हॅगर्टींच्याच घरी आली होती, आणि तिथे मिसेस हॅगर्टी आइस्ड टी घेऊन वाट बघत होत्या. रायरीकरांना तिने उतरायला सांगितलं नाही.