रघुदादांचा चार फुटी वाकडा पडदा

पेणला आमच्या आळीत रघुदादांच्या घरी फ्रिज येण्याआधी महिनाभर एक खोटा फ्रिज उभा होता. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर वर्तमानपत्राचा लगदा, वरून पांढरा रंग. उंची, रुंदी, दाराची मूठ, सगळं दुकानातल्यासारखं. सुमनवहिनी, म्हणजे दादांच्या सौभाग्यवती, त्याचं दार उघडून आत कांदे-बटाटे ठेवायच्या आणि दादा बाजूला उभे राहून दार कुठवर उघडतं ते बघायचे. महिन्यानं निष्कर्ष निघाला की दार भिंतीवर आपटतं. जागा बदलली, आणखी आठ दिवस कांदे त्या फ्रिजमध्ये ऊबदार राहिले, आणि मग खरा फ्रिज आला. तो आजतागायत जागचा हललेला नाही.

मी तेव्हा पोट धरून हसलो होतो. त्याच वर्षी मी न मोजता सोफा आणला. तो जिन्याच्या वळणावर असा काही अडकला की वरच्या मजल्यावरची माणसं दोन दिवस त्याच्यावरून चढून घरी जात होती. शेवटी करवत घेऊन दादाच आले. त्यांनी सोफ्याचे पाय कापले, वर नेऊन परत जोडले आणि जाताना एवढंच म्हणाले, "आधी नमुना, मग सौदा. कितीदा सांगू तुम्हाला?"

हे वाक्य त्यांच्या वडिलांचं. वडिलांचा गणपतीचा कारखाना होता. पेणच्या कारखान्यात नवी मूर्ती काढायची तर आधी हातानं एकच नमुना घडवतात, तो चार दिवस मधोमध ठेवतात, येणारा-जाणारा त्याला नावं ठेवतो, आणि सगळ्यांची तोंडं दमली की मगच साचा निघतो. वडील म्हणायचे, एकदा साचा निघाला की नाकाची चूक घरोघरी जाऊन बसते. दादा मूर्तिकार झाले नाहीत, पण बापाचा हा धडा त्यांनी फ्रिज, कपाट, पाण्याची टाकी आणि जावयाची मोटरसायकल, सगळ्यांना लावला. त्यांची एकही खरेदी फसलेली मला आठवत नाही. माझ्या किती फसल्या ते विचारू नका.

ते झाले ड्रायव्हर. रोह्याच्या ज्या कंपनीत मी लॅबमध्ये होतो तिची पेणहून सुटणारी बस तीस वर्षं त्यांनी चालवली आणि त्यातली बावीस वर्षं मी त्यांच्या मागच्याच सीटवर बसलो. वडखळला चौघे चढायचे, नागोठण्याला सहा, मग भिसे खिंड आणि रोहा. खिंडीतल्या वळणांवर आम्ही डबा उघडून पोहे खायचो आणि एक शेंगदाणा इकडचा तिकडे व्हायचा नाही. गाडीला कधी ओरखडा नाही. परतताना स्टॉप आला की आरशात बघून म्हणायचे, "चला, वडखळवाले, पुढं या." सगळी गाडी ओळखीची, कोण कुठं उतरतो ते शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण पुकारा चुकला नाही.

आणि अशा माणसाच्या बायकोला गाडी लागते.

थोडीथोडकी नाही. पेणहून निघालं की वडखळ यायच्या आत वहिनी हिरव्या पडतात. लिंबू झालं, आलं झालं, खिडकी झाली, पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं. रेल्वेचं त्यांना काही वाटत नाही, म्हणून नातेवाइकांकडे रोह्याला त्या रेल्वेनं जातात. पण नवऱ्यानं ज्या रस्त्यावर जन्म काढला तो रस्ता त्यांनी डोळ्यांनी बघितलेला नाही. त्यांना तो ऐकून पाठ आहे. कुठल्या वळणावर म्हैस आडवी आली होती, कुठल्या टपरीवरचा चहा पांचट, सगळं त्या बिनचूक सांगतात.

निवृत्त झाल्यावर दादा घरात नको तिथं सापडायला लागले. कधी पडवीत येरझाऱ्या, कधी रिकाम्या खुर्चीवर बसून पायानं क्लच दाबणं. वहिनींनीच एक दिवस मला बोलावून सांगितलं, "भावजी, यांना कायतरी चालवायला द्या ओ. नायतर मला चालवतील." मी माझा जुना कॉम्प्युटर दिला. रोह्याचा साळवी, आमच्या कंपनीत कंट्रोल रूमला असतो आणि घरी गाड्यांचे खेळ खेळतो, त्यानं बस चालवायचा खेळ टाकून दिला आणि आपलं जुनं स्टिअरिंग जोडून दिलं.

खेळातला रस्ता कुठल्यातरी परदेशातला. बर्फाचे डोंगर, लाल कौलांची घरं. दादांना त्याचं सोयरसुतक नाही. पहिलं गाव आलं की, "चला, वडखळवाले." दुसरं आलं की नागोठणं. बोगदा लागला की खिंड. शेजारी डाव्या हाताला स्टुलावर वहिनी वालाच्या शेंगा सोलत बसतात आणि मध्येच विचारतात, "आज म्हैस नाय आली?"

असं वर्षभर सुखानं चाललेलं असताना दादा माझ्याकडे एक जाहिरात घेऊन आले. एकोणपन्नास इंची मॉनिटर. सरळ नाही, दोन्ही बाजूंनी आत वळलेला, चार फूट रुंद. खेळ खेळणारी तरणी पोरं घेतात तो.

"घेऊ का नको?" दादांनी विचारलं.

मी म्हटलं, "दादा, एवढ्या रुंदीत लग्नातले दोन पाट मावतील. तुम्हाला कशाला?"

"ते मी बघतो. तुम्ही फक्त टेबल मोजायला या."

दुसऱ्या दिवशी कामट्या भिजत पडल्या. आठवड्यात नमुना तयार. लगदा घोटून गुळगुळीत केलेला, बाक जाहिरातीबरहुकूम, रंग काळाकुळकुळीत. आळीतल्या कारखान्यातली दोन माणसं जेवणाच्या सुट्टीत येऊन बघून गेली. एकानं डोळा बारीक करून बाकावरून हात फिरवला आणि सांगितलं, "उजवी कड दोरभर खाली हाय." दादांनी ती मुकाट्यानं दुरुस्त केली. त्यांच्या दृष्टीनं हे मॉनिटर बनवणाऱ्या कंपनीच्या तपासणीपेक्षा वरचं.

गणपतीला तीन आठवडे उरले होते. समोरच्या म्हात्रेकाकू साखर मागायला आल्या, टेबलावरची ती कमान बघून थबकल्या आणि म्हणाल्या, "सुमन गो, मखर यंदा लवकर झालं तुमचं. पण काळं कशाला केलंस? शुभकार्याला बरं नाय दिसत." वहिनींनी खरं काय ते सांगितलं. काकूंना ते पटलं नाही. चार फूट रुंद, पाठीमागून वळून पुढं आलेलं, टेबलावर ठेवलेलं, ते मखर नाही तर काय? दोन दिवसांत आळीतल्या तिघींनी आपापल्या गणपतीसाठी तसंच करून मागितलं, सोनेरी रंगात. दादांनी तिन्ही करून दिली. त्या वर्षी आमच्या आळीत तीन गणपती गेमिंग मॉनिटरच्या मापात बसले.

पण निर्णय होईना. नमुना टेबलावर मावत होता, दार उघडत होतं, पंख्याचा वारा लागत होता. तरी दादा अडून. ज्याच्या घरी असला पडदा आहे असं कळे, त्याला जाऊन एकच प्रश्न विचारत, "खऱ्या गाडीत बसल्यासारखं वाटतं का?" माणसं आनंदानं सांगत, हो, अगदी खरं. की दादांचा चेहरा पडायचा. पनवेलच्या दुकानात मी बरोबर होतो. दुकानदार रंगात येऊन म्हणाला, "काका, वळण आलं ना, की पोटात गोळा येतो बघा." दादा "बरं" म्हणाले आणि सरळ उठून बाहेर आले.

रस्त्यावर मी त्यांना धरलं. म्हटलं, जो गुण ऐकून लोक पैसे मोजतात तो ऐकून तुम्ही पळता, हा काय प्रकार आहे?

दादांनी मला रस्त्याच्या कडेला घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला एकट्याला जुना पुरतो हो. पण ती डाव्या अंगाला बसते. त्या बारक्या पडद्यात तिच्या बाजूला कायच येत नाय, नुसती माझी काच. ह्या मोठ्यात डावी खिडकी येते. शेतं दिसतील, नदी दिसंल. पण खऱ्यासारखं झालं आणि तिला लागली, तर ती त्या स्टुलावर पण बसायची नाय. मग काय करू?"

मी तोवर या माणसाला पोरकट म्हणून दहा ठिकाणी बोललो होतो. माझी मलाच लाज वाटली.

यावर नमुन्याचा उपयोग नव्हता. लगद्याच्या पडद्यानं कुणाला मळमळत नाही. साळवीनं नुकताच तेवढाच पडदा घेतला होता, म्हणून एका रविवारी आम्ही तिघं रेल्वेनं रोह्याला गेलो. वहिनींना दादांनी कशासाठी ते सांगितलं नव्हतं, साळवीकडे चहाला जाऊ म्हणाले होते. साळवीनं पडदा लावला. दादांनी वहिनींची खुर्ची डावीकडे ठेवली, दोनदा मागेपुढे केली, आणि बस सुरू केली.

इतकी हळू बस मी उभ्या आयुष्यात बघितलेली नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. वहिनी डाव्या कडेकडे तोंड करून बसल्या होत्या. तिकडून नदी सरकत आली, मग कुरण, मग ठिपक्यांच्या गाई. दादांनी वडखळ पुकारलं, नागोठणं पुकारलं. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. दर दहा पावलांवर मान डावीकडे, वहिनींचा चेहरा बघायचा, परत रस्ता.

"आता खिंड हाय," दादा म्हणाले. "उलटी आली तर सांग. लगेच थांबवतो."

घाट लागला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर दादा वहिनींकडे बघत राहिले आणि बस सरळ जाऊन कठड्यावर आदळली. तीस वर्षांतला पहिला अपघात. साळवीला हसू फुटलं. दादांनी स्टिअरिंग सोडलं आणि घाबऱ्याघाबऱ्या विचारलं, "काय गो, मळमळतंय?"

पडद्याच्या कडेला खाली दरी दिसत होती, तिच्यात वहिनी बघत होत्या. त्यांचे डोळे भरले होते.

"हितून तुम्ही रोज जायचा?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग बोलला नाय कधी, एवढं खोल हाय ते."

दादा म्हणाले, "तू घाबरली असतीस."

वहिनींनी पदरानं डोळे पुसले, खुर्ची हातभर पुढे ओढली आणि म्हणाल्या, "मला काय होत नाय. घ्या ती गाडी मागं. आणि आता पुढं बघून चालवा, मी हाय हितं."