शिडी, खाट आणि एक मत

निरीक्षकांनी त्या दिवशी एकच छोटासा निर्णय घेतला : आर्थिक धोरण समजावून सांगताना उदाहरण घरातलेच घ्यायचे. हा निर्णय त्यांनी घेतला नसता, तर दुसऱ्या दिवशी भर दुपारी बसस्थानकावर एका पूर्णपणे अनोळखी म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरून "घरी चला हो" अशी गयावया करण्याची वेळ त्यांच्यावर आली नसती. पण हे क्रमाने सांगायला हवे.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. गेली सव्वीस वर्षे ते दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासत होते. पारडे नुसते थरथरले, तरी अर्ध्या ग्रॅमचा फरक त्यांच्या लक्षात येई. (घरात कोण रुसले आहे हे मात्र त्यांच्या लक्षात तिसऱ्या दिवशी येई, आणि तेही कोणीतरी सांगितल्यावर.) "तराजू खरा ठेवा आणि बाजूला व्हा" एवढेच त्यांचे अर्थशास्त्र होते. कर कमी करा, अनुदाने बंद करा, ज्याला वर चढायचे आहे तो चढेल, असे म्हणणारा एक पक्ष होता आणि त्याची निशाणी होती शिडी. निरीक्षक शिडीचे निष्ठावंत होते.

त्यांची पत्नी मुलांच्या रुग्णालयात परिचारिका होती. जो पडला आहे त्याला आधी उचला, औषध फुकट द्या, चढाचढीचे नंतर पाहू, असे म्हणणाऱ्या दुसऱ्या पक्षाची निशाणी होती खाट. आणि परिचारिकेने खाटेला मत द्यावे यात नवल ते काय?

"देशाला शिडी हवी, खाट नव्हे," असे निरीक्षक दर निवडणुकीत म्हणत.

"शिडीवरून पडलेला माणूस शेवटी कशावर येतो, ते आमच्या वॉर्डात येऊन बघा," असे पत्नी दर निवडणुकीत उत्तर देई, आणि संसार पुढे चाले.

घरात तिसरे मतदार होते सासरे. आयुष्यभर पुस्तकबांधणी केलेला हा अबोल माणूस पत्नी गेल्यावर लेकीकडे राहायला आला, त्याला चार वर्षे झाली होती. दिवसभर ते खिडकीपाशी बसत आणि शेजारपाजारची फाटकी पुस्तके सुई-दोऱ्याने शिवून देत. चहा डॉक्टरांनी बंद केला होता, म्हणून सकाळ-संध्याकाळ ते पेलाभर दूध घेत. कोणाला मत दिले हे त्यांनी कधी सांगितले नाही. "शिवणीतला धागा बाहेर दाखवायचा नसतो, जावईबापू," एवढेच म्हणत आणि दूध पीत.

सासरे-जावयांचे एकमेकांवाचून पान हलत नसे. चष्मेसुद्धा दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच काळ्या फ्रेमचे घेतले होते. कारण दोन घेतल्यास दुकानदार सवलत देत होता. (सवलत म्हणजे अनुदान नव्हे, हे निरीक्षकांनी तेव्हाच स्पष्ट केले होते.) भिंगे मात्र अगदी वेगळी होती. निरीक्षकांना दूरचे दिसत नसे आणि सासऱ्यांना जवळचे.

यंदाच्या मतदानाचा दिवस निरीक्षकांच्या मनात घर करून राहिला होता. मशीनपुढे उभे राहिल्यावर त्यांना इतके भरून आले, की निशाण्यासुद्धा पुसट झाल्या. "लोकशाहीचा गहिवर म्हणतात तो हा," असे ते नंतर भेटेल त्याला सांगत. त्यांनी डोळे बारीक करून अंदाज घेतला, दोन दांडे आणि मधल्या पट्ट्या नीट पाहिल्या आणि बटण दाबले.

निकालासाठी त्यांनी दोन दिवसांची रजा काढली. खालच्या मजल्यावर केशकर्तनालय चालवणारे शेजारीही दुकान अर्धे बंद करून वर आले. ते कोणत्याच पक्षाचे नव्हते. "केस दोन्हीकडच्यांचे वाढतात" हे त्यांचे धोरण. पत्नी सकाळची ड्यूटी आटोपून आली होती. खिडकीपाशी सासरे पुस्तक शिवत बसले होते, आणि त्यांच्या खुर्चीखाली घरातली मांजर अंगाचे मुटकुळे करून झोपली होती. या मांजरीकडे कृपया लक्ष असू द्यावे.

दुपारपर्यंत देशभर शिडीची सरशी झाली. निरीक्षकांना चेव चढला.

"लोकांनी अनुदानं नाकारली! स्पष्ट कौल आहे."

"लोकांनी भाषणं ऐकली," पत्नी म्हणाली. "माझ्या वॉर्डातली पोरं काही त्या कौलानं बरी होणार नाहीत."

"अगं, भावनेचा प्रश्नच नाही. अर्थशास्त्र आहे हे."

"मग सांगा की आम्हाला कळेल असं," केशकर्तनकारांनी काडी टाकली.

आणि इथे निरीक्षकांनी तो निर्णय घेतला. ते उठून उभे राहिले.

"घरातलंच उदाहरण घेऊ. समजा, हे घर म्हणजे देश. आम्ही दोघं कमावतो. आणि आता तिकडे बघा," त्यांनी खिडकीच्या दिशेने हात केला. "दिवसभर तिथंच मुक्काम. उत्पादन शून्य. पण सकाळ-संध्याकाळ दूध मात्र वेळेवर पाहिजे! ऊन सरकलं की जागा बदलायची, एवढंच काय ते काम. का पोसायचं? तर म्हणे सवय झाली आहे. यालाच अनुदान म्हणतात. आता उद्या मी धोरण बदललं आणि—"

"थांबा, थांबा! आपला निकाल!" केशकर्तनकार ओरडले.

सगळे दूरचित्रवाणीकडे वळले. निरीक्षकांच्या स्वतःच्या मतदारसंघात, तीनदा मोजणी होऊन, खाट एका मताने विजयी झाली होती.

निरीक्षक मटकन खाली बसले. उदाहरण अर्धेच राहिले. त्यातला 'मांजर' हा शब्द उच्चारायचा राहिला तो राहिलाच.

"एका मतानं! कोणीतरी एकानं डोळे मिटून बटण दाबलं! त्या माणसाला शोधून काढलं पाहिजे. त्याला साधी शिडी ओळखता येत नाही?"

या आरडाओरडीत सासऱ्यांनी सुई दोऱ्याच्या रिळात खोचली, शिवत आणलेले पुस्तक मिटले आणि ते आतल्या खोलीत गेले. त्या संध्याकाळी त्यांनी दूध घेतले नाही. निरीक्षकांना ते दिसले. पण सासरेही खाटेच्या विजयाने खचले असावेत, असा त्यांनी समाधानकारक अर्थ लावला.

दुसऱ्या दिवशी पत्नी पहाटेच ड्यूटीवर गेली. रात्रभर आकडे चघळत जागलेले निरीक्षक उठले तेव्हा दुपार झाली होती आणि घर चमत्कारिक शांत होते. फडताळावरचा चष्मा डोळ्यांवर चढवून ते स्वयंपाकघरात आले. मेजावर दुधाच्या रिकाम्या पेल्याखाली एक चिठ्ठी होती, आणि ती त्यांना डोळ्यांपासून वितभर अंतरावर धरून, कशीबशी वाचावी लागली.

'जावईबापू, आपले उदाहरण पटले. जुन्या छापखान्यातल्या मित्राकडे एक खोली रिकामी आहे. एकच्या बसने जातो. मुलीला सांभाळून सांगा. चौथ्या मजल्यावरच्या बाईंचे पुस्तक शिवून झाले आहे, फक्त डिंक वाळू द्या. रागावलेलो नाही. अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, भावनेचा नाही.'

निरीक्षकांना आधी काहीच उमगले नाही. मग खुर्चीखालून मांजर बाहेर आली, रिकाम्या खिडकीकडे पाहून ओरडली, आणि सगळा उलगडा एकदम अंगावर कोसळला. दिवसभर खिडकीपाशी. सकाळ-संध्याकाळ दूध. उत्पादन शून्य.

"अगं बये, मी तुझ्याबद्दल बोलत होतो!" ते मांजरीवर खेकसले. मांजरीने हा खुलासा स्वीकारला नाही.

घड्याळात एक वाजत आला होता. तीनला पत्नी परतणार होती. ती दारातून आधी "बाबा" अशी हाक मारी आणि मगच चपला काढी. (निरीक्षकांना हाक मारली जाई ती पिशवी उचलायची असेल तर.) आज त्या हाकेला ओ कोण देणार? आणि तीनशे पासष्ट दिवस आपल्या जेवणाच्या डब्याचे घट्ट बसणारे झाकण कोण सैल करून ठेवत होते, कार्यालयातल्या नोंदवहीची सुटलेली पाने रात्रीतून आपोआप कशी जुळत होती, हेही त्यांना नेमके त्याच क्षणी कळले. सव्वीस वर्षे वजने तपासणाऱ्या माणसाने घरातले सर्वांत जड वजन पारड्यात कधी घातलेच नव्हते.

ते तसेच धावत सुटले. रस्ता, माणसे, पाट्या, सारे त्यांना धूसर दिसत होते. 'डोळे भरून आले आहेत,' असे त्यांनी मानले आणि दोनदा चष्मा काढून डोळे पुसले. डोळे कोरडे होते. तरी गहिवर ओसरेना.

बसस्थानकाच्या बाकावर पांढऱ्या सदऱ्यातली एक वाकलेली आकृती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. निरीक्षकांनी तिचे दोन्ही हात धरले.

"बाबा, चुकलं माझं! पण मी मांजरीबद्दल बोलत होतो हो!"

"मांजर?" आकृती घाबरून म्हणाली.

"तुम्हाला मी उत्पादन शून्य म्हणेन? तुमच्यावाचून माझा डबासुद्धा उघडत नाही! पुस्तकाची शिवण दिसत नाही म्हणून ती नसते का?"

"कोणतं पुस्तक?"

"बाबा, असं तोडून बोलू नका. शिडी खड्ड्यात गेली! सगळी अनुदानं चालू ठेवतो, वाढवतो! दूध दोनाचं तीन वेळा करतो. फक्त घरी चला. तुमची लेक तीनला येईल, तिला मी कोणत्या तोंडानं सांगू?" इथे निरीक्षकांचा आवाज खरोखरच फाटला. "आणि तिचं सोडा. संध्याकाळी मी खिडकीपाशी कोणाशी बोलू? ती मांजर माझं ऐकत नाही."

आकृती पिशवी सावरून बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "साहेब, मला मुलगी नाही. दोन मुलगे आहेत, आणि दोघांपैकी एकानंही इतकं कधी म्हटलं नाही. तुम्ही एवढं म्हणताय तर येतो मी. दूध मात्र साखर घालून लागेल."

तेवढ्यात दोन बाक पलीकडून कोणीतरी खाकरले.

"जावईबापू," ओळखीचा आवाज आला, "त्यांची बस सुटेल. सोडा त्यांना."

निरीक्षक वळले. तिकडेही एक पांढरी, धूसर आकृती होती.

"तुम्ही सगळं ऐकलंत?"

"आधी वाटलं मध्येच थांबवावं. पण बोलत होता छान." सासरे उठून जवळ आले. "खरंच मांजर होती?"

"तुमच्या खुर्चीखाली! शपथ घेऊन सांगतो!"

"तिला तरी शून्य कशाला म्हणायचं? उंदीर धरते की." सासऱ्यांनी पिशवी जावयाच्या हाती दिली. मग जावयाच्या डोळ्यांवरचा चष्मा अलगद काढला, स्वतःच्या डोळ्यांवरचा त्यांच्या नाकावर बसवला, आणि जग एकाएकी लख्ख झाले. बस, फलाट, पाटी, आणि समोर सासऱ्यांचा सुरकुतलेला चेहरा. त्यांचे डोळे मात्र खरोखरच ओले होते.

"घाईत तुमचा उचलला," सासरे म्हणाले. "तिकिटावरचं एक अक्षर वाचता येईना. म्हणून एकची बस सोडली."

तीन वाजता पत्नी आली. तिने दारातून "बाबा" अशी हाक मारली, खिडकीतून "ओ" आली आणि तिने चपला काढल्या. केशकर्तनकारांनी स्थानकाकडे धावणारे निरीक्षक पाहिले होते, त्यामुळे लपवण्यात अर्थ नव्हता. सगळे ऐकून ती इतकी हसली की पाणी प्यावे लागले. मग वडिलांच्या खुर्चीच्या हातावर बसून तिने डोळे पुसले, आणि नवऱ्याने न सांगता सर्वांत आधी दूध तापवले.

"पण तो एक माणूस सापडायला हवा," दुधाचा पेला सासऱ्यांपुढे ठेवताना निरीक्षक म्हणाले. हृदयपरिवर्तन झाले असले, तरी मतमोजणी ती मतमोजणीच. "चूक पक्षाची नाही, त्या एका माणसाच्या नजरेची आहे."

सासऱ्यांनी सुईत दोरा पहिल्याच झटक्यात ओवला आणि समाधानाने मान डोलावली.

"आता कसा गेला! मतदानाच्या दिवशी तुम्ही परत येईपर्यंत तासभर ओवत बसलो होतो, जमेना. म्हटलं, जावईबापू माझाच चष्मा घालून गेलेत. पण तुम्ही इतक्या गहिवरानं परत आलात, की बोलवेना."

 निरीक्षकांच्या डोळ्यांपुढे ते मशीन उभे राहिले. पुसट निशाण्या. दोन दांडे, मधल्या पट्ट्या. शिडीलाही पट्ट्या असतात. आणि खाटेलाही.

एक मत तिकडून काढून इकडे घातले, तर पारडे कोणत्या बाजूला झुकेल, हे वजनमापे खात्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

पत्नीने नवऱ्याच्या नाकावरचा चष्मा मायेने नीट केला.

"आजपर्यंत तुमची पिशवी, डबा, छत्री, सगळं मीच आठवणीनं देते ना?" ती म्हणाली. "आता पुढच्या मतदानाला चष्माही मीच देईन. बाबांचा."