शांताराम दमत नाही

आमचे मास्तर खेळायच्या पत्त्याएवढ्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांशी बोलत. नुसते बोलत नसत, त्यांना चहासुद्धा विचारत. "दमलास? बस आता. चहा घे," असं म्हणून एक पुठ्ठा ते अलगद बाजूला ठेवत आणि त्याच्या जागी दुसरा मांडत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी फोपनार गावाहून कॉलेजसाठी नुकताच बुऱ्हाणपुरात आलो होतो आणि इतवारा मोहल्ल्यात त्यांच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली होती. मला वाटलं, चुकीच्या घरात आलो. सामान परत बांधावं का, असाही विचार आला. पण काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "घाबरू नको रे गणपत. त्यांचा खेळ चालू आहे. विचारू मात्र नको, नाहीतर तुलाही बसवतील."

मी विचारलं. त्यामुळे पुढची दोन वर्षं मी दर रविवारी दुपारी मास्तरांसमोर बसलो.

मी काही लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. नीट सांगता येईल की नाही ठाऊक नाही, पण मास्तरांबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं असं वाटतं, म्हणून लिहितो.

तर तो खेळ. नेपानगरला कागदाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा यंत्रं बसवायला एक अमेरिकन इंजिनिअर आला होता. परत जाताना त्याने एक खोका आपल्या हाताखालच्या फिटरला देऊन टाकला. फिटर मास्तरांचा जुना विद्यार्थी. त्याला त्यातलं काही कळेना. "मास्तर, तुम्हाला इंग्रजी येतं, तुम्हीच ठेवा," म्हणून तो खोका इतवाऱ्यात आला. आत दोन फासे, एक रंगीत पट आणि पुठ्ठ्याचे पुष्कळ तुकडे. एकेक तुकडा म्हणजे एकेक खेळाडू. फासे टाकायचे, बेरीज करायची आणि त्या खेळाडूच्या पुठ्ठ्यावर त्या आकड्यापुढे काय लिहिलंय ते पाहायचं. बाद, नाहीतर फटका. तीन बाद झाले की डाव संपला, असे नऊ डाव. खेळाचं नाव बेसबॉल.

मास्तरांनी बेसबॉल कधी पाहिला नव्हता. मीही नाही. बुऱ्हाणपुरात कुणीच नाही. मास्तरांनी नियमांचं पुस्तक शब्दकोश घेऊन वाचलं आणि जाहीर केलं, "हा अमेरिकेतला विटीदांडू. फक्त विटीच्या जागी चेंडू आणि पळायला चार ठाणी." पिचरला ते फेक्या म्हणत आणि बॅटवाल्याला टोल्या. खेळाडूंची नावं उच्चारताना जीभ अडखळायची, म्हणून त्यांनी सगळ्यांचं बारसं केलं होतं. सुरुवात करणारा फेक्या हणमंतराव. तो थकला की मध्ये येऊन डाव सांभाळणारा शांताराम. आणि अगदी शेवटी, नवव्या डावात सामना आवरायला येणारा दौलतसिंग. दौलतसिंगचा पुठ्ठा फार जबरदस्त होता. त्याच्यावर जवळजवळ सगळीकडे 'बाद'च लिहिलेलं. तो खास शेवटच्या डावासाठीच आहे, असं पुस्तकात स्पष्ट छापलेलं होतं.

मास्तर दौलतसिंगला कधीच खेळवत नसत.

हणमंतराव दमला की त्याला चहा मिळे. शांताराम येई. मग सहावा डाव शांताराम, सातवा शांताराम, आठवा शांताराम. आणि नवव्यालाही मास्तर शांतारामचा पुठ्ठा हलवत नसत. खरं तर शांतारामने तीन डाव टाकले की चौथ्याला बेरजेत एक मिळवायचा नियम होता, म्हणजे तो थकला असं धरायचं. मग फटके पडत. मी कसलंही डोकं न लावता, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे माझा शेवटचा फेक्या आणत असे आणि जिंकत असे. जिंकून मलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

"मास्तर, दौलतसिंगला आणा ना. त्याच्यासाठीच तर तो आहे."

"तो येऊ शकतो असं लिहिलंय. आलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

"पण शांताराम दमला आता."

"शांताराम दमत नाही," मास्तर म्हणत आणि फासे हातात खुळखुळवत. "तीन डाव सामना कुणी सांभाळला? यानं. लोकांनी टाळ्या वाजवायच्या वेळेला हा बाहेर? वा भाई वा!"

एकदा माझे वडील केळीचा घड घेऊन आले तेव्हा आमचा सामना रंगात होता. ते उंबऱ्याशी बसून बराच वेळ पाहत राहिले. मास्तर हरले आणि हसत हसत पट आवरू लागले. वडील मला जिन्यात गाठून म्हणाले, "काय रे, हे मास्तर हारून राह्यले तरी खूश कसे? आणि कॉलेजात हेच शिकवून राह्यले का तुला?"

मास्तरांचं हे वेड पटापुरतं नव्हतं. ते इतवाऱ्यातल्या मराठी शाळेत गणित शिकवत. उशिरा येणाऱ्या मुलाला दारातच "बाद!" म्हणत. अर्धं गणित सुटलं की "दुसऱ्या ठाण्यावर पोचलास, आता पळ" म्हणत. शाळेच्या संमेलनात शेवटी आभार मानायचा मान दरवर्षी एखाद्या हुशार, खणखणीत आवाजाच्या मुलाला मिळे. मास्तरांनी एका वर्षी तो पडदा ओढणाऱ्या मुलाला दिला. "सगळा कार्यक्रम याच्या हातावर चालला, शेवटही हाच करेल." पोरगा पुढे आला, पाहुण्यांचं नाव विसरला आणि सवयीने पडदा ओढून मोकळा झाला. सगळी शाळा हसली. मास्तर उभं राहून टाळ्या वाजवत होते.

आता मुख्य गोष्ट सांगायला हवी. मास्तर हंगामी हेडमास्तर होते. म्हणजे आधीचा हेडमास्तर बदलून गेला की नवा येईपर्यंत शाळा मास्तरांकडे. हे आधी दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा त्यांनी शाळा सांभाळली आणि दोन्ही वेळा बाहेरून पक्का माणूस आला. छप्पन साली नवं राज्य झालं, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तेव्हा आमचे हेडमास्तर विदर्भातल्या आपल्या गावाकडे निघून गेले आणि शाळा तिसऱ्यांदा मास्तरांकडे आली. मराठीचे वर्ग हिंदी शाळेला जोडून टाकायचे अशी तेव्हा हवा होती. मास्तर भर उन्हात पालकांच्या घरोघर फिरले, मुलं गोळा केली, वर्ग टिकवले. उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. या वेळेला तरी मास्तरच पक्के होणार, असं सगळा इतवारा धरून चालला होता.

हेडमास्तरांच्या खोलीत एक हातांची मोठी खुर्ची होती. मास्तर हंगामी असताना तिच्यावर कधी बसत नसत. शेजारी एक स्टूल ठेवून त्यावर बसत, आणि सह्या करायला टेबलाकडे तिरके वळत. त्यामुळे त्यांची सहीसुद्धा तिरकी येई. "हुकूम आला की बसीन," म्हणत. काकूंनी त्या दिवसासाठी त्यांचा काळा कोट धुऊन, नवी बटणं लावून ठेवला होता. मला एकदा हळूच म्हणाल्या, "दोन महिने बसायला मिळालं तरी पुरे रे. नुसतं पक्कं म्हणून बसायला मिळालं पाहिजे."

हुकूम आला. शाळेचा शिपाई तो घरी घेऊन आला, आणि त्याचा चेहरा पाहूनच काकू आत गेल्या. रीवाकडचे कुणी दुबेजी म्हणून हेडमास्तर येत होते.

मास्तरांनी हुकूम वाचला, घडी घातली आणि मला म्हणाले, "शनिवारी दुपारची गाडी आहे त्यांची. तू मोकळा आहेस ना? सामान असेल. काळा कोट काढ गं जरा!"

"तो कशाला आता?" काकू आतून म्हणाल्या.

"अगं, हेडमास्तरांना घ्यायला जायचं तर बरा कोट नको?"

स्टेशनवर दुबेजी उतरले. मी मनातल्या मनात त्यांचा राग करायचं ठरवून गेलो होतो, पण माणूस रागावण्यासारखा निघाला नाही. किरकोळ अंगाचे, मास्तरांपेक्षा बरेच तरुण, हातात वळकटी आणि चेहऱ्यावर बावरलेपण. टांगेवाल्याने विचारलं, "कहाँ से आये साहब?" तर ते म्हणाले, "विंध्य प्रदेश से," आणि मग स्वतःशीच म्हणाले, "अब तो वह भी नहीं रहा." त्यांचं राज्यच नव्या राज्यात विरून गेलं होतं. बदलीत बायकामुलं तिकडे राहिली होती. मराठी त्यांना येत नव्हतं, आणि त्यांना मराठी शाळा चालवायची होती. टांगा शनवाऱ्याच्या बाजारातून जाताना मास्तर त्यांना दुकानं दाखवत होते. "यहाँ की मावा जलेबी खाइए, सब ठीक हो जाएगा."

टांगा आधी शाळेत नेला. मास्तरांनी खिशातल्या रुमालाने ती मोठी खुर्ची पुसली, दुबेजींना दोन्ही हातांनी धरून तिच्यावर बसवलं आणि किल्ल्या पुढे ठेवल्या. मग स्टूल उचललं आणि स्वतःच आपल्या वर्गात नेऊन ठेवलं. शिपाई धावला, त्याच्या हाती त्यांनी ते दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुबेजी जेवायला होते. काकूंनी आग्रह केला, पण त्यांच्या आवाजात नेहमीचं काही नव्हतं. दुबेजींनाही ते कळत असावं. ते मान खाली घालून जेवले. ते निघायला उठले तेवढ्यात मास्तर म्हणाले, "बैठिए, बैठिए. आमचा सामना बघून जा. गणपत, पट काढ."

मी पट मांडला. मास्तर दुबेजींना प्रत्येक खेळाडूची ओळख करून देत होते, जशी लग्नात पाहुण्यांची करून देतात. हणमंतराव चांगला खेळला. पाचव्यानंतर, "दमलास? बस. चहा घे," झालं आणि शांताराम आला. त्या दिवशी शांतारामला फासे असे पडले की विचारू नका. माझा एकेक टोल्या येत होता आणि बाद होऊन जात होता. आठवा डाव संपला तेव्हा मास्तर एका धावेने पुढे होते आणि माझा एकच डाव बाकी होता. इतक्या रविवारांत ते पहिल्यांदाच जिंकायच्या इतके जवळ आले होते.

मास्तरांनी खोक्यात हात घातला आणि दौलतसिंगचा पुठ्ठा बाहेर काढला. नवाकोरा होता. शांतारामच्या पुठ्ठ्याचे कोपरे झिजून गोल झाले होते.

मला काय झालं कळत नाही. दोन वर्षं मी ज्याच्यासाठी वाद घातला तेच ते करत होते, आणि मी म्हणालो, "मास्तर, शांताराम आहे ना अजून. राहू द्या त्याला."

"नियम आहे ना तुझा?"

"असू दे. बेरजेत एक नका मिळवू. मला चालेल."

"नको रे," मास्तर म्हणाले. "असं नसतं."

दुबेजींनी विचारलं, "यह कौन है, मास्टरजी?"

"यह? यह आखिर में आता है. बहुत अच्छा है." मास्तरांनी पुठ्ठा पटावर मांडला. "हमने ही कभी खिलाया नहीं. गलती हमारी थी, इसकी नहीं." आणि त्यांनी फासे दुबेजींच्या तळहातावर ठेवले. "आप डालिए. आपका हाथ नया है."

दुबेजींनी भीत भीत फासे टाकले. बाद. पुन्हा टाकले. बाद. तिसरा माझा टोल्या पहिल्या ठाण्यावर पोचला तेव्हा दुबेजींनी "अरे राम!" म्हणून कपाळावर हात मारला. मग मास्तरांनी त्यांच्या पाठीवर थाप दिली, "कुछ नहीं, डालो!" चौथ्यांदा फासे पडले. बाद. तिसरा बाद, सामना संपला.

दुबेजी हसले. लहान मुलासारखे, तोंडभर. बुऱ्हाणपुरात उतरल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मास्तर टाळ्या वाजवत होते. "वा दौलतसिंग! वा भाई वा!"

दुबेजींना दारापर्यंत पोचवून मास्तर परत आले आणि पट आवरायला बसले. मी मदतीला हात पुढे केला, पण ते एकेक पुठ्ठा आपणच खोक्यात ठेवत होते. शेवटी पटावर शांताराम तेवढा राहिला. तो त्यांनी उचलला. त्याचा मुडपलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला.

"दमलास ना?" ते अगदी हळू म्हणाले. "बस आता. चहा घे."

मी मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या, त्या कधी आल्या ते कळलं नाही. त्या आत गेल्या, आणि थोड्या वेळाने एकच कप आणून त्यांनी मास्तरांसमोर ठेवला.