फुगोबाचे मटार

“मासा सांभाळायला काय अक्कल लागते?” लेक कॉलेजच्या शिबिराला निघाली तेव्हा चष्मेवाले छाती काढून म्हणाले. “भुंकत नाही, फिरायला न्यावं लागत नाही. तू बिनधास्त जा!”

लेकीचा गोल्डफिश नारिंगी, वाटोळा. नाव फुगोबा. काचेच्या टाकीत तो सतत तोंडाची उघडझाप करायचा. बिचारा भुकेला असेल, असं चष्मेवाल्यांना वाटे. टाक चिमूटभर दाणे! खाली चष्म्यांचं दुकान, वर घर. गिऱ्हाईक गेलं की वर ये, टाक चिमूटभर! एके सकाळी पाहतात तर फुगोबा नावाला जागून टम्म फुगलेला, आणि उलटलेल्या होडीसारखा पोट वर करून तरंगतोय!

आता लेकीला काय तोंड दाखवणार? फुगोबा जिथून आणला होता त्या दुकानात चष्मेवाल्यांनी फोन लावला.

“कल्ले हलतायत का?” दुकानदाराने विचारलं.

“हलतायत हो! पण उलटा झालाय!”

“मग घाबरू नका. खाऊन खाऊन पोट गच्च झालंय. दाणे बंद करा. ताजे मटार उकडा, साल काढा, कुस्करून थोडे थोडे द्या. काकडीची पातळ चकती वाफवून दिली तरी चालेल. पोट साफ झालं की होईल सरळ.”

बायको इस्पितळात नर्स, ती केव्हाच ड्यूटीवर गेलेली. चष्मेवाल्यांनी बाह्या सरसावल्या. मटार उकडले, काकडी वाफवली. पण साल काढायला गेले की मटार बोटांतून सुटून थेट फ्रिजखाली! शेवटी त्यांनी दुकानातून चष्म्याचे स्क्रू धरायचा चिमटा आणला, चांगला उकळून घेतला, डोळ्याला भिंग लावलं आणि एकेका मटाराची साल अशी उतरवू लागले, जणू मोतीबिंदूचं ऑपरेशन चाललंय!

तेवढ्यात सासूबाई आत आल्या. नवी कवळी बसवून घ्यायला त्या या थोरल्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. कवळी अजून तोंडात नीट बसत नव्हती, बोलताना खटखट वाजायची. जावयाबद्दल त्यांचं मत लग्नापासून एकच होतं, “बरे आहेत.” आणि तेही पडदा कसा आहे असं विचारल्यावर म्हणावं तसं!

“हे काय चाललंय?”

“मटार सोलतोय, आई. सालीचा त्रास होतो ना. मऊ असले की पोटालाही बरं.”

सासूबाई चिमट्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे डोळे भरून आले.

“माझ्या कवळीचा एवढा विचार केलात? पोटच्या पोरीला सुचलं नाही हो हे!”

खरं सांगायला चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं होतं. पण सासूबाईंनी इतक्या मायेने त्यांच्याकडे याआधी कधी पाहिलंच नव्हतं! उघडलेलं तोंड त्यांनी मिटून घेतलं आणि वाटी पुढे केली. मटार गेले. पाठोपाठ काकडीही गेली.

दुसरा घाणा लावला. तोही सासूबाई येऊन “किती करता माझं!” म्हणत घेऊन गेल्या, आणि दिवाणखान्यात टाकीसमोरच बसून खाऊ लागल्या. फुगोबा उलट्या डोळ्यांनी बघत होता! खाता खाता त्यांनी धाकट्या लेकीला फोन लावला. “अगं, चिमट्याने सोलतात! एकेक! नाहीतर तुझा नवरा!”

थोड्याच वेळात साडूचा फोन आला. “अहो, मटार तुम्ही सोलायचे आणि बोलणी मी खायची? मला आता चिमटा आणायला धाडलंय!”

आता मूठभरच मटार उरले होते. ते सोलून, कुस्करून चष्मेवाल्यांनी चष्म्याच्या एका कोऱ्या डबीत लपवले आणि सासूबाईंचा डोळा लागायची वाट पाहिली. खुर्चीत त्या घोरू लागल्या तसे ते चवड्यांवर टाकीपाशी गेले. खट्! डबीच ती, उघडताना वाजलीच!

“अगंबाई! माझे मटार माशाला?”

चष्मेवाले घामाघूम. “आई... खरं सांगू? तुमचे मटार त्याला नाही... त्याचे मटार तुम्हाला!” आणि त्यांनी सगळं भडाभडा ओकून टाकलं.

सासूबाईंनी टाकीकडे पाहिलं. फुगोबाकडे पाहिलं. जावयाच्या हातातल्या डबीकडे पाहिलं. चष्मेवाल्यांनी डोळे गच्च मिटले. पण ऐकू आलं ते हसू! टाकीवर वाकून त्या अशा हसत सुटल्या की कवळी निसटली आणि डुबुक करून पाण्यात!

“थांबा, काढतो!” चष्मेवाल्यांनी जाळी उचलली.

“फांबा!” बोळक्या तोंडाच्या सासूबाईंनी हात धरला. “ते बघा!”

कवळीच्या फटींत मटाराचा भुगा अडकला होता. फुगोबा वाकडातिकडा होत, धडपडत खाली गेला आणि एकेक कण टिपू लागला. डबीतले मटार पाण्यात सोडले, तर त्यांच्याकडे ढुंकूनही बघेना!

बायको घरी आली तेव्हा नवरा आणि आई टाकीला नाक लावून बसले होते. फुगोबा जरासा कललेला, पण पोट खाली आणि पाठ वर! त्याच्यामागे सुटलेला शीचा लांबलचक दोरा पाहून सासूबाईंनी टाळ्या पिटल्या.

“आई, तुझी कवळी कुठाय?”

“माशाचं जेवण होऊ दे, मग काढतील,” सासूबाई म्हणाल्या. मग जावयाकडे वळून हळूच, “धाकटीला काही फांगू नका हं. तुमचं नाव झालंय, ते राहू दे.”

आपलं घरात नाव झालंय! चष्मेवाले सुखावले. बायकोने डबीत उरलेला भुगा बोटाने चाखला आणि तोंड वाकडं केलं.

“अहो, किती अळणी! मीठ नाही घातलंत?”

“माशासाठी होते ना गं.”

“तेच म्हणते मी!” सासूबाई एकदम उसळल्या. “फकाळपासून अळणी गिळतेय! जावयाने एवढ्या मायेने केलेलं, फांगणार कसं?”