पेपर बाईंचा, पेन मामांचं

आमच्या गल्लीत तुम्ही तोंडातून एखादं वाक्य काढलंत, की ते आधी कांबळेमामांकडून पास व्हावं लागतं. सकाळी दूधकट्ट्यावर म्हशीची धार काढता काढता गवळी सहज म्हणतो, "ही म्हैस न्हाय मामा, हत्ती हाय हत्ती!" मामा हातातला दुधाचा पेला खाली ठेवतात, खिशातून पिवळा खडू काढतात आणि कट्ट्याच्या फरशीवर लिहितात, 'मेटाफर. ओके.' गवळी म्हणाला, "हत्तीगत हाय," तर 'सिमिली. ओके.' आणि हिचं दूध पिऊन शेजारचा पोरगा आठवड्यात पैलवान झाला असं तो म्हणाला, तर 'हायपरबली', म्हणजे अतिशयोक्ती, असं लिहून खाली दोन रेघा मारतात. कोल्हापुरात हायपरबलीला तोटा नाही, त्यामुळे महिन्याला खडूची एक पेटी संपते.

मामा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत तपासनीस होते. बत्तीस वर्षं त्यांनी ओतीव लोखंडाचे भाग तपासले आणि त्यांवर खडूनं ओके, रिवर्क नाहीतर रिजेक्ट असं लिहिलं. निवृत्त झाल्यावर लोखंड सुटलं, खडू सुटला नाही. शिक्षण दहावी आणि आयटीआय. असा माणूस जुन्या इंग्रजी नाटकांतले अलंकार गल्लीभर लिहीत फिरायला लागला, तेव्हा लोकांनी आधी मामांच्या डोक्याची आणि मग माझी चौकशी केली. कारण मी शेजारी राहतो आणि कॉलेजात शिकवतो. भूगोल शिकवतो, पण गल्लीला तो तपशील महत्त्वाचा वाटत नाही.

खरं सांगायचं तर सिमिली आणि मेटाफर, म्हणजे उपमा आणि रूपक, यांतला फरक मला त्यांनीच शिकवला. "हे बगा सर," ते म्हणाले, "आमच्याकडं गो-नोगो गेज असतंय. भोक बरोबर पाडलंय का बगायचं तर गेज घालायचं. हितंबी तसंच. 'गत', 'सारखा', 'जणू' ह्यातलं एक गेज वाक्यात घालून बगायचं. आधीच बसलेलं असलं तर सिमिली. न्हाय तर मेटाफर. संपला विषय!" माझ्या शाळेतल्या मास्तरांनी हे असं सांगितलं असतं तर मी भूगोलाकडे वळलो नसतो.

हे ज्ञान त्यांनी घरात ठेवलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण समोरच्या घरी पेठ वडगावहून मुलगी बघायला पाहुणे आले. मुलाचे वडील ऐसपैस बसून म्हणाले, "आमचा पोरगा म्हंजे निव्वळ सोनं हाय." मामा खिडकीत उभे होते. तिथूनच म्हणाले, "पावणं, मेटाफर हाय, पण लई घासलेला. रिवर्कला टाका, दुसरा काडा." पाहुण्यांना ही मुलीकडची चेष्टा वाटली. चहा तसाच राहिला आणि लग्न जमवायला पुढे आणखी दोन बैठका लागल्या.

नळावर दोन जावांचं भांडण जुंपलं होतं. ही एक वाक्य टाकायची, ती एक वाक्य फेकायची. मामा वही घेऊन पायरीवर बसले आणि मान डोलवत म्हणाले, "थांबू नगासा! तिची एक वळ, हिची एक वळ, मधी दम घ्यायचा न्हाय. ह्याला स्टिकोमिथिया म्हंत्यात. आपल्या पेपरला हाय ह्ये." दोघी अशा काही ओशाळल्या की कळश्या उचलून एकत्रच घरी गेल्या. तेव्हापासून त्या नळावर मनमोकळं भांडता येत नाही, अशी बायकांची तक्रार आहे.

'आपल्या पेपरला' हे शब्द नीट ऐका. पेपर मामांचा नव्हता. पेपर होता त्यांच्या बायकोचा.

कांबळेबाई गारगोटीकडच्या शाळेत आयुष्यभर शिकवत आल्या. अर्ध्या गल्लीची पोरं त्यांच्याकडून चार ओळी इंग्रजी शिकली आहेत. त्यांना इंग्रजी नाटकांचं वेड, आणि एम.ए. करायचं मनात होतं. नोकरी, घर, दोन मुलींची लग्नं यांत ते राहून गेलं. निवृत्त झाल्यावर फॉर्म भरायचा म्हणाल्या आणि त्याच वर्षी साखरेनं त्यांची नजर नेली. बाई तीन महिने पलंगावर बसून होत्या. चौथ्या महिन्यात म्हणाल्या, "नाटक ऐकता येतंच की. फॉर्म भरा." मोबाईलवर नाटकं ऐकून ऐकून त्यांनी बहिःस्थ परीक्षेचे सगळे पेपर काढले, फक्त नाटकाचा राहिला.

तो का राहिला, हे मला बाईंनीच सांगितलं. दृष्टी नसलेल्या परीक्षार्थीला लेखनिक मिळतो. बाईंनी सांगायचं, त्यानं लिहायचं. मिळालेली मुलगी गुणी होती, पण नाटकातले शब्द तिनं कधी ऐकलेले नव्हते. एकेका शब्दाचं स्पेलिंग अक्षर अक्षर सांगण्यात वेळ गेला आणि दोन मोठे प्रश्न कोरे राहिले. "पेपर मला येत होता, सर," बाई म्हणाल्या. "कागदावर पोचला नाही." नोंदणीची मुदत संपत आली होती. आता एकच संधी होती. ती गेली असती तर आधीचे पेपरही वाया गेले असते.

तो पेपर हुकला त्याच दिवशी मामांनी ठरवलं की लेखनिक आपणच व्हायचं. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी हवं, असा नियम होता. "ह्यात आपण एकदम ओके मटेरियल हाय," असं म्हणत त्यांनी अर्ज मंजूर करून आणला. मग सगळी शब्दांची यादी पाठ करायला घेतली. स्पेलिंग नुसतं घोकून लक्षात राहीना, म्हणून शब्द वापरून बघायला लागले, आणि वापरायला जवळ गल्लीच होती.

शब्द आले, पण नवीन अडचण झाली. घरी सराव करताना बाई एक वाक्य सांगायच्या आणि मामा तीन लिहायचे. "बाई, हितं अँटिथिसिस घाल की. शोभतंय."

"मी सांगीन तेवढंच लिहायचं."

"आगं पण मार्क..."

"मार्क माझे आहेत ना? मग चुका पण माझ्याच राहू देत."

लेखनिकानं एक शब्द जरी सुचवला तरी पेपर रद्द, हे अर्जावर ठळक छापलेलं होतं. आणि मामांना कुणी गप्प बसलेलं पाहिलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःवर उपाय काढला. तोंडात पाणी धरून लिहायचं. एकदा मी मीठ मागायला गेलो, तर गाल फुगवून टेबलाशी बसलेले, डोळे मोठे केलेले, आणि हातानं मला मिठाची बरणी दाखवतायत. बाईंनी मध्येच एक उतारा चुकीच्या नाटकातला सांगितला, तेव्हा सगळं पाणी वहीवर आलं. बाई हसून हसून बेजार झाल्या, पण मामांच्या चेहऱ्यावर खरी भीती होती. "सर, माझं तोंड आडवं आलं तर ह्या बाईचं वरीस न्हाय, समदंच जाईल," ते मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले.

परीक्षेचं केंद्र नेमकं आमचं कॉलेज निघालं आणि लेखनिकांच्या वेगळ्या खोलीवर देखरेखीला माझं नाव लागलं. आम्ही शेजारी आहोत, हे मी प्राचार्यांना रीतसर सांगितलं. मामांची ख्याती त्यांच्याही कानावर होती. ते म्हणाले, "मग तर तुम्हीच बसा. त्या माणसाला गप्प बसवणं आम्हा परक्यांचं काम नाही." माझ्या जोडीला परगावचे एक सर दिले.

खोलीत फक्त बाई आणि मामा होते. मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. बाई सांगत होत्या, मामा लिहीत होते. शब्द कितीही लांबलचक येवो, पेन अडत नव्हतं. दोन तास मामांच्या तोंडून अक्षर नाही. परगावचे सर मला म्हणाले, "किती शांत गृहस्थ आहेत!"

मग एक प्रश्न आला. नायकाला इतका वेळ न दिसलेलं सत्य अचानक कळतं, त्या क्षणाला काय म्हणतात, ते सांगून स्पष्ट करा. बाई थांबल्या. ओठ हलले, पण शब्द येईना. कपाळाला हात लावला. एक मिनिट गेलं, दोन गेली. माझी नजर मामांवर होती. मानेची शीर तट्ट फुगलेली, पेन कागदापासून वीतभर वर धरलेलं. आणि डाव्या हाताचं बोट मांडीवर चाललेलं: ए, एन, ए, जी, एन... पूर्ण शब्द लिहून झाला की पुन्हा पहिल्यापासून. पेपर सुटल्यावर मी आमच्या इंग्रजीच्या मॅडमना विचारलं. अ‍ॅनाग्नॉरिसिस. तोच शब्द. ते बोट बाईंना दिसणार नव्हतं, त्यामुळे नियमाला कुठं धक्का लागत नव्हता. पण मला त्या बोटाकडे बघवेना. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

"सोडा तो," बाई शेवटी म्हणाल्या. "पुढचा घ्या."

मामांनी पान उलटलं.

बाहेर गेटपाशी मी रिक्षा थांबवत होतो, तेव्हा बाईंनी विचारलं, "अहो, तो एक शब्द काय होता हो? तुम्हाला येत होता का?"

मामांनी चष्मा काढून पुसला. "मला? न्हाय बा. मला तर कुटला येतोय. लई अवघड होता."

"असं होय," बाई म्हणाल्या आणि त्यांचा हात धरून रिक्षात चढल्या.

निकाल लागला. बाई पास झाल्या, तो प्रश्न सोडूनसुद्धा पास झाल्या. गल्लीत पेढे वाटण्याचं काम मामांकडे होतं आणि त्यांनी ते इतक्या आरडाओरड्यानं केलं की दोन गल्ल्या पलीकडच्यांनीही पेढे नेले. बाई मात्र माझ्याकडे स्वतः आल्या. भिंत चाचपत, माझ्या दारापर्यंत. पेढा हातावर ठेवून हळूच म्हणाल्या, "सर, तो शब्द त्यांना येत होता."

मी दचकलो. "त्यांनी सांगितलं?"

"ते कशाला सांगतील. श्वास धरून बसले होते हो. मला ऐकू येतंय की सगळं."

"मग तुम्ही त्यांना तसं बोलला नाहीत?"

बाहेर मामा कुणाला तरी आणखी एक पेढा घ्याच म्हणून दटावत होते. बाईंनी त्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"नाही बोलले," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते मला 'न्हाय येत' म्हणाले. किती जड गेलं असेल त्यांना. तुम्हीही बोलू नका."