वधूपक्षाचा गोलकीपर

हॉकीची ती काठी मी घरात आणली ती माकडं हाकलायला, खेळायला नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या नांदेडच्या कचेरीतले एक साहेब बदलून गेले तेव्हा त्यांचं सामान बांधायला मी गेलो होतो. (अशा कामांना मला फार अगत्यानं बोलावत.) जाताना त्यांनी ती काठी मला बक्षीस दिली. तेव्हापासून ती ओसरीच्या कोपऱ्यात उभी असे आणि माकडंसुद्धा तिला फारशी भीत नसत.

लातूरचे अनंतराव वकील आपल्या मुलासाठी माझ्या बहिणीला, विशाखाला, बघायला आले, तेव्हा मुलीच्या आधी त्यांची नजर त्या काठीवर गेली.

"खेळता वाटतं?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणायला काय हरकत होती? पण वरपक्षाच्या पहिल्याच प्रश्नाला 'नाही' म्हणायची माझी छाती झाली नाही. मी हो म्हणालो. मग कुठल्या जागेवर खेळता, हा प्रश्न आला. हॉकीत जागा किती असतात हे मला ठाऊक नव्हतं. मात्र कचेरीच्या मैदानावरून घरी येताना दोन खांबांच्या मधे एक माणूस नुसता उभा असलेला मी पाहिला होता. निजाम सरकारच्या चाकरीत साहेबांसमोर नुसतं उभं राहण्यातच माझी उमर चालली होती. तेवढं आपल्याला जमेल, असं वाटलं.

"गोलकीपर," मी म्हणालो.

वकीलसाहेबांचा चेहरा खुलला. ते हैदराबादेला शिकत असताना स्वतः हॉकी खेळलेले निघाले. त्यांचा मुलगा वसंतराव लातूरच्या क्लबात पुढच्या फळीत खेळत होता. (मुलगा शेजारीच बसला होता. विशाखा पोह्यांची बशी घेऊन आल्यापासून तो सारखा पाणी पीत होता.) आणि पुढच्याच महिन्यात तो क्लब आमच्या कचेरीच्या टीमशी सामना खेळायला नांदेडला येणार होता.

"मंग सुपारी त्याच दिवशी फोडू," वकीलसाहेब उठताना म्हणाले. "आधी तुमचा खेळ बघू द्या. चेंडू अंगावर आला की माणूस कसा उभा ऱ्हातो, त्यावरून आम्ही घर ओळखतो."

पाहुणे गेल्यावर माझी पत्नी सौदामिनी मला जे बोलली ते इथं लिहिता येण्यासारखं नाही. आईवडील गेल्यानंतर विशाखाची जबाबदारी आमच्यावर होती. आधीची स्थळं मोडली होती ती इतक्या क्षुल्लक कारणांनी, की हे तर सहज मोडणार होतं. त्यात विशाखा, जी आजवर लग्नाच्या बोलण्यात मान वर करत नसे, ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "दादा, मला हे घर पसंत आहे." एवढं बोलून ती आत गेली.

मी धावलो तो शेजारच्या महेबूब अलींकडे. हे आमच्या कचेरीत दफ्तरखाना सांभाळत आणि टीमचे खरे गोलकीपर तेच. त्यांचे गुडघे दुखत होते, त्यामुळे आपली जागा ते मला अगदी आनंदानं द्यायला निघाले. माझा पवित्रा पाहिला मात्र, आणि तो आनंद थोडा कमी झाला.

दुसऱ्या सकाळपासून आमच्या अंगणात तालीम सुरू झाली. मी माजघराच्या दारात उभा. चौकटीच्या दोन बाजू म्हणजे गोलाचे खांब.

पहिली तालीम डोळ्यांची. चेंडू येताना मी डोळे घट्ट मिटून घेत असे. त्यावर महेबूब अलींचा उपाय असा, की घरच्या माणसानं मुठीनं ज्वारी तोंडावर फेकायची आणि गड्यानं पापणी लवू द्यायची नाही. हे काम सौदामिनीनं मागून घेतलं. आमच्या लग्नापासूनचं सगळं तिला त्या वेळी आठवत असावं, कारण तिची एकही मूठ वाया जात नव्हती. दुसरी तालीम पायांची. ओसरीवरून कांदे घरंगळत यायचे आणि मी चवड्यांवर उभा राहून ते पायानं अडवायचे. आठवडाभर आमच्या आमटीत ठेचलेला कांदा होता.

तिसरी तालीम दोरीची. चौकटीच्या दोन्ही बाजूंना दोरीचं एकेक टोक बांधून महेबूब अलींनी मधला भाग चेंडूपाशी ओढून धरला.

"दारात उभे राहिले तर दोन्हीकडं किती जागा सुटून राहिली बघा," ते म्हणाले. "आता दोन पावलं फुडं या. जागा कमी झाली का न्हाई? घाबरून मागं जाऊ नका, मियाँ. गोलकीपरनं फुडंच यायचं."

हे मला खरोखर पटलं. फक्त पुढं जायला पाय तयार नव्हते.

शेवटी त्यांनी जालीम इलाज काढला. माझ्या मागं जाळी नको, म्हणाले, ज्याची भीती वाटते अशी वस्तू ठेवा. सौदामिनीनं क्षणभर विचार केला आणि माहेराहून आलेली आंब्याच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी दाराच्या आत नेऊन ठेवली. वर्षाचं लोणचं होतं ते. महेबूब अलींना वाकता येत नव्हतं, म्हणून काठी विशाखाच्या हातात दिली. त्या मुलीनं जन्मात काठी धरली नव्हती. तिनं एक टोला मारला. मी दोरीची तालीम आठवून पुढं आलो, कांद्यांची तालीम आठवून चवड्यांवर झालो, ज्वारीची तालीम आठवून डोळे उघडे ठेवले. त्यामुळे चेंडू माझ्या शेजारून आत जाताना मला अतिशय स्पष्ट दिसला.

लोणचं भिंतीवर छतापर्यंत उडालं होतं. सौदामिनी काही बोलली नाही, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते माझ्या ध्यानात आलं.

आता याच अंगणात, याच दारात, दुसरी एक तालीम चालू होती. ती सौदामिनीची. मागचं एक स्थळ मी पाहुण्यांना दारात सामोरा गेलो नाही म्हणून मोडलं, असं तिचं ठाम मत होतं. त्यामुळे रोज संध्याकाळी ती फाटकाकडून वरपक्ष होऊन येई आणि मी दोन पावलं पुढं जाऊन, हात जोडून, "यावं, यावं" म्हणत दारातून बाजूला व्हायचं. नवरामुलगा दिसला की हात आपोआप जुळले पाहिजेत, विचार करत बसायचं नाही, असं ती बजावत असे. सकाळी दार अडवायचं आणि संध्याकाळी त्याच दारातून बाजूला व्हायचं. यात काही धोका आहे हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सामन्याच्या दिवशी सकाळी वकीलसाहेब आणि वसंतराव घरी फराळाला आले. मी पुढं झालो, हात जोडले, बाजूला झालो. सगळं बिनचूक पार पडलं. सौदामिनीच्या डोळ्यांत मला बऱ्याच वर्षांनी कौतुक दिसलं.

दुपारी मैदानावर सगळी कचेरी लोटली होती. वकीलसाहेब छत्री घेऊन खुर्चीवर बसले होते. गोलाच्या मागं निंबाच्या सावलीत महेबूब अलींच्या पत्नी खातूनबी यांची दमणी, म्हणजे पडद्याची बैलगाडी, उभी होती आणि तिच्यात सौदामिनी आणि विशाखा होत्या. सामना सुरू झाला. सुरुवातीला दैव बरं होतं. एक चेंडू माझ्या पोटात बसला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी श्वास घेता येत नसतानाही मान लववली. मध्यंतर झालं तरी गोल नव्हता. वकीलसाहेबांनी दुरून मान डोलावली, तेव्हा मला वाटलं, आता निभावतंय.

उत्तरार्धात वसंतराव आमच्या गड्यांना चुकवत एकटाच चेंडू घेऊन निघाला. त्याच्या आणि माझ्या मधे कोणी उरलं नाही. महेबूब अली बाहेरून ओरडले, "फुडं या." मी दोन पावलं पुढं झालो. डोळे सताड उघडे होते. समोरून माझा होणारा मेहुणा, घामानं डवरलेला, थेट माझ्याकडं येत होता.

माझे हात जुळले. काठी काखेत गेली. "यावं, यावं," म्हणत मी कमरेत वाकलो आणि बाजूला झालो.

वसंतरावानं चेंडू आत मारला. मग सवयीनं त्यानंही मला नमस्कार केला.

मैदानावर कोणी हसलंसुद्धा नाही. महेबूब अली डोकं धरून खाली बसले. वकीलसाहेब मात्र उठले आणि छत्री मिटून सरळ माझ्या गोलाकडं चालत आले. पंच त्यांना अडवायला गेला आणि त्यांचा चेहरा बघून परतला.

"मार्तंडराव," ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या पोराला गोल दान देऊन राहिले तुम्ही? दान मुलीचं करतेत, गोलाचं न्हाई. चारचौघांत त्याला भिकारी करून ठेवलं तुम्ही." ते वळले आणि पुन्हा थांबले. "आता फुडला त्याचा चेंडू अडवून दाखवा. न्हाई अडला, तर सुपारी न फोडता आम्ही लातूरला चाललो."

मी मागं वळून पाहिलं. दमणीचा पडदा थोडा बाजूला झाला होता आणि विशाखा माझ्याकडं बघत होती. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं, असं मला वाटलं. आयुष्यात मी एवढा कधी घाबरलो नव्हतो, आणि एवढी लाज कधी वाटली नव्हती. त्या क्षणी मला बदली चालली असती, नोकरी गेलेली चालली असती, पण त्या पोरीचं लग्न माझ्या हातानं मोडलेलं चाललं नसतं.

वेळ संपत आली होती. लातूरचे लोक पुन्हा चढून आले. चेंडू इकडून तिकडे गेला आणि शेवटी नको तिथंच आला, वसंतरावाच्या काठीवर. या वेळी मी हात काठीवर इतके आवळले होते की बोटं पांढरी पडली. दोन पावलं पुढं आलो. चवड्यांवर झालो. डोळे उघडे ठेवले. तो माझ्याकडं एकटक बघत होता आणि मी त्याच्याकडं. त्यानं काठी उचलली आणि मला आतून वाटलं, हा डावीकडं मारणार. मी होता नव्हता तेवढा जीव एकवटून डावीकडं उडी घेतली.

चेंडू माझ्या मागं राहिलेल्या उजव्या टाचेवर आपटला आणि खांबाच्या बाहेर गेला.

मी मातीत पडून होतो. टाळ्या ऐकू येत होत्या. सामना आम्ही एका गोलानं हरलो, पण मला उचलून बसवलं ते खुद्द वकीलसाहेबांनी. त्यांनी मला मिठी मारली आणि म्हणाले की घर बघितलं, आता सुपारी फोडू. संध्याकाळी आमच्या ओसरीवर सुपारी फुटली. विशाखानं मला वाकून नमस्कार केला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि माझेही.

लग्न झालं. पुढं कितीतरी महिने कचेरीत तो टाचेचा किस्सा मी सांगत होतो. उडी डावीकडं घेऊन टाच मुद्दाम उजवीकडं ठेवणं ही गोलकीपिंगमधली सगळ्यात अवघड विद्या आहे, असं मी नव्या अहलकारांना, म्हणजे कारकुनांना, समजावून देत असे. (काहीजण ते मन लावून ऐकत.)

दिवाळसणाला वसंतराव घरी आले. ओसरीवर पानं चालली होती. मी शेजाऱ्यांना तो किस्सा सांगितला, टाच दाखवली. वसंतराव खाली मान घालून सुपारी कातरत बसले होते. शेजारी उठून गेल्यावर ते जवळ सरकले.

"दादा, रागावू नका," ते म्हणाले. "तो चेंडू मी तुमच्या अंगावरच मारला होता."

मी म्हणालो, म्हणजे काय?

"आमच्या अण्णांनी मलाबी सांगितलं होतं ना, चेंडू अडला न्हाई तर लग्न मोडलं म्हणून. मंग मी काय करणार? तुमच्या मांडीवर नेम धरून मारला. तर ऐन वक्ताला तुम्ही उडी मारून बाजूला झाले." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "जीवच गेला होता माझा. गोल करणं लई सोपं आहे, दादा. दोन खांबांत जागाच जागा असती. तुम्हाला चेंडू लावणं हे काम न्हाई सोपं."

त्या दिवाळीपासून मी हा किस्सा कोणाला सांगत नाही. आता तो सौदामिनी सांगते.