आजोबा संपले का?

सकाळी अकराला चष्म्याच्या दुकानातला फोन वाजला, तेव्हा चष्मेवाला शिकवणीवाल्या बाईंचे डोळे तपासत होता. बाई त्याच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायच्या. त्यांच्या नाकावर तपासणीची जड गोल फ्रेम होती, एका डोळ्यापुढे भिंग, दुसऱ्यापुढे काळी झाकणी. समोरच्या तक्त्यावरची चौथी ओळ त्यांना दिसत नव्हती, पण जन्मभर मुलांना शिकवण्यात गेल्यामुळे त्या चुकीची अक्षरंसुद्धा ठणकावून सांगत होत्या.

चष्मेवाल्याने फोन कानाला लावला.

"आजोबा ना? संपले की, कालच संपले," तो म्हणाला. "छे हो, कसला त्रास! शेवटी शेवटी तर मी इतका हसलो की पोट दुखायला लागलं. बायको मध्येच झोपली, तिला शेवट ठाऊकच नाही... हो, पाठ पार मोकळी झाली होती. डिंक लावून रात्रभर वर पाटा ठेवला, आता काही कळत नाही... केव्हाही न्या ना! पिशवीत घालून ठेवतो. मी ठेवून काय करू? उगाच जागा अडते."

फोन ठेवून तो वळला, तर बाईंनी फ्रेम स्वतःच काढून टेबलावर ठेवली होती.

"बाई, एक डोळा राहिलाय अजून."

"राहू दे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "अशा वेळीसुद्धा तुम्ही दुकान उघडलंत. धन्य आहे तुमची."

बाहेर आभाळ भरून आलं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चष्मेवाल्याला वाटलं, बाई हवेबद्दल बोलताहेत. "धंदा म्हटलं की करावंच लागतं," तो म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे एका डोळ्यानं बघितलं आणि त्या निघून गेल्या. दुसऱ्या डोळ्यात औषध घातलेलं होतं.

इथे थोडा खुलासा करायला हवा. गावात वाचणारी माणसं पाचच उरली होती. चष्मेवाला, औषधाच्या दुकानातल्या बाई, दातांचे डॉक्टर, पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांची बहीण. या पाच जणांत एकेक पुस्तक फिरायचं. प्रत्येकाकडे चार दिवस. चौथ्या दिवशी पुढच्याने फोन करून विचारायचं, "संपलं का?" पुस्तकाचं पूर्ण नाव घेण्याइतका वेळ कोणालाच नसायचा, आणि नावात माणूस असला तर त्याला मान देऊन बोलायची मंडळींना सवय लागली होती. मागे एका मावशीवरची कादंबरी फिरत होती तेव्हा डॉक्टरांनी भर दवाखान्यात विचारलं होतं, "मावशी तुमच्याकडेच पडून आहेत का अजून?" त्यावर खुर्चीतल्या पेशंटने तोंड मिटलं ते उघडेचना.

सध्या फिरत होती ती मुलांची कादंबरी. डॉक्टरांना ती रद्दीत सापडली होती. नाव 'आजोबांना सांगू नका'. तिच्यातले आजोबा सोमवारी सकाळी मरतात. पण त्यांचं काळीज नाजूक असल्यामुळे ही बातमी त्यांना द्यायची कोणी, असा घरात प्रश्न पडतो. शेवटी कोणीच देत नाही. आजोबा आपले चहा पितात, नातवंडांवर खेकसतात आणि आपल्याला हल्ली थंडी फार वाजते अशी तक्रार करतात. मुलांसाठी असलं पुस्तक लिहिणाऱ्याला चाबकाने फोडायला हवं, असं पोस्टातले गृहस्थ म्हणाले होते. ते त्यांनी दोनदा वाचलं.

पण इमारतीत 'आजोबा' म्हटलं की माणूस एकच. चष्मेवाल्याचे वडील. त्याची मुलं शिकायला बाहेरगावी गेली, तरी आजोबा हे नाव मागे राहिलं. आणि शिकवणीवाल्या बाई होत्या चष्मेवाल्याच्या थोरल्या वहिनींच्या मावसबहीण.

सव्वादोनला वहिनींचा फोन आला. सहा वर्षांत पहिलाच.

"भाऊजी, आम्हाला हे परक्याकडून कळावं ना?"

"काय कळावं, वहिनी?"

"आजोबा गेले ते!"

"कुठे गेले? घरीच असतील. या वेळी ते झोपतात."

"भाऊजी," वहिनी मायेने म्हणाल्या, "तुम्हाला धक्का बसलाय. आधी घोटभर पाणी प्या."

मग चष्मेवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला तसा त्याला घामच फुटला. "वहिनी, ते पुस्तक हो! पुस्तक संपलं! आजोबा नावाचं पुस्तक!"

"पाठीला डिंक लावलात म्हणे."

"पुस्तकाच्या पाठीला!"

"आणि पोट धरून हसलात."

"पुस्तकालाच हसलो ना!"

पटायला पाच मिनिटं लागली. पटल्यावर मात्र वहिनींच्या तोंडून "अगंबाई" एवढंच निघालं. त्यानंतर जे निघालं ते ऐकून चष्मेवाला स्टुलावर बसला. दोनच्या गाडीने थोरला भाऊ निघाला होता. फोन घरीच विसरला होता.

"रडत गेलेत हो," वहिनी म्हणाल्या. "सत्तावीस वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आता तिथे पोचल्यावर त्यांना कळणार, सगळं खोटं होतं. त्यांना वाटेल, मुद्दाम फसवून बोलावलं. स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. जन्मात परत तुमच्या पायरीला पाय लावायचे नाहीत."

स्वभाव चष्मेवाल्याला ठाऊक होता, कारण एकाच ठशाचे दोघे त्याच्या घरात वाढले होते. एक बाप आणि एक भाऊ. आई गेली त्या दिवशी थोरला सगळं उरकल्यावर, संध्याकाळी पोचला. बाबा दारात उभे होते. "आता कशाला आलास?" एवढे तीन शब्द ते बोलले. थोरला उंबऱ्यावरूनच मागे फिरला. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून बाबा त्याचं नाव काढत नसत, फक्त रोज संध्याकाळी पाचच्या गाडीच्या वेळेला खिडकीत जाऊन बसत आणि विचारलं तर म्हणत, "हवा खातोय." खिडकीसमोर भिंत होती. तिथे हवा कसली यायची? हे सगळं बघून चष्मेवाल्याचा जीव तुटायचा, पण दोघांपैकी एकाशीही बोलायची त्याची छाती नव्हती. भावाचं आणि बापाचं पटावं, बाबा आहेत तोवर एकदा पटावं, याखेरीज त्याला काही नको होतं. आणि आता उरलीसुरली आशासुद्धा एका मुलांच्या कादंबरीने खाल्ली.

दुकान बंद करून तो घरी धावला. इमारतीच्या जिन्याखाली चार-पाच शेजारी कुजबुजत उभे होते. त्याला बघताच सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"अहो, बाबा ठणठणीत आहेत!" तो ओरडला. "गैरसमज झालाय. पण आजोबांना सांगू नका! ऐकलं तर मनाला लावून घेतील."

इमारतीच्या सेक्रेटरींनी डोळ्यांनी भिंतीकडे खुणावलं. भिंतीवरच्या फलकावर सेक्रेटरींच्या वळणदार अक्षरात 'दुःखद निधन' असा कागद लावलेला होता आणि त्यापुढे, पायजमा आणि बिनबाह्यांचा स्वेटर घातलेले बाबा, हातात पेन घेऊन उभे होते.

"वय शहाऐंशी लिहिलंय," बाबा म्हणाले. "चौऱ्याऐंशी हवं." त्यांनी खोडून नीट केलं. "'मनमिळाऊ' हे तुमच्या मनाचं, का कोणी सांगितलं?"

"तशी पद्धत आहे आजोबा," सेक्रेटरी चाचरत म्हणाले.

"असू दे मग."

बायको सकाळीच माहेरी गेली होती, वर घरात दोघेच. चष्मेवाल्याने सगळं सांगून टाकलं. फोन, डिंक, बाई, वहिनी. बाबा ऐकत होते. थोरला निघालाय म्हटल्यावर त्यांनी टेबलावरचं तेच पुस्तक उचललं, उलटं धरलं, पुन्हा सुलटं केलं.

"रडत निघाला?"

"वहिनी तसं म्हणाल्या."

"हं," बाबा म्हणाले.

"मी स्टँडवर जातो. गाडीतून उतरल्या उतरल्या त्याला गाठतो आणि समजावून घेऊन येतो. तुम्ही फक्त त्याला काही बोलू नका. एक शब्दही बोलू नका बाबा, हात जोडतो."

"नाही बोलणार," बाबा म्हणाले आणि वाचायचा चष्मा लावून पहिलं पान उघडलं.

पाचची गाडी वेळेवर आली. तिच्यातून तेवीस माणसं उतरली, एक शिलाई मशीन उतरलं, पण थोरला उतरला नाही. चष्मेवाल्याने बाकांखालीसुद्धा पाहिलं. शेवटी कंडक्टर म्हणाला, "डोळे सुजलेले गृहस्थ ना? ते अलीकडच्या चौकातच उतरले. फुलं घ्यायची म्हणाले."

चष्मेवाला परत पळत सुटला. पंचावन्न वर्षांचा माणूस पळायला लागला की लोक वाट देतात. इमारतीच्या दाराशी शिकवणीवाल्या बाई पदराने डोळे पुसत होत्या.

"तुमचे बंधू वर गेलेत केव्हाचे. किती रडताहेत हो बिचारे! मी म्हटलं, आहेत की आजोबा, मगाशीच फलकापाशी उभे होते, तर म्हणाले, बाई, आता समजूत नका घालू."

जिना चढताना चष्मेवाल्याच्या मनात आलं, रडतोय का अजून? बाबांना बघितल्यावर तो रडेल कशाला? चिडेल, ओरडेल, दार आपटेल. रडणार नाही.

दार उघडं होतं. बाबा पलंगावर उताणे निजले होते. डोक्यापासून पायांपर्यंत पांढरी चादर. उशाशी थोरला खुर्ची ओढून बसला होता, मांडीवर फुलं. बाबांची छाती हलताना दिसत नव्हती.

चष्मेवाल्याने चौकट धरली. चौऱ्याऐंशीचं वय, सहा वर्षांनी मुलगा दारात उभा राहिलेला. झेपलं नसणार. आणि आपण स्टँडवर बाकांखाली वाकून बघत होतो. सकाळी फोनवर आपण जे बोललो, ते शब्द त्याला आता एकेक करून आठवले. रडू आलं ते सरळ नाकातोंडातून आलं.

"ये," थोरला मागे न बघता म्हणाला. "बस."

चष्मेवाला भिंतीला टेकून खाली बसला. डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले. आणि मग, तीस वर्षांची सवय म्हणा, त्याची नजर चादरीवर नाकाच्या जागी अडकली. तिथे नाकाला न शोभणारा उंचवटा होता, दोन्ही बाजूंना सरळ धार असलेला. ती फ्रेम त्याने स्वतः बसवलेली होती. बाबांचा वाचायचा चष्मा. तो लावून बाबा दोन पावलंही चालत नसत, पडण्याच्या भीतीने. तो लावून ते मरणार तर मुळीच नाहीत.

चादरीखाली, पोटापाशी, पुस्तकाएवढा चौकोन होता.

चष्मेवाल्याने तोंड उघडलं. त्याच वेळी थोरला बोलायला लागला, म्हणून त्याने ते मिटलं.

"बाबा, आई गेली तेव्हा मी तुम्हाला सांगितलं, गाडी चुकली," थोरला म्हणत होता. "चुकली नव्हती. पहिल्या गाडीचं तिकीट होतं खिशात. गाडी समोर लागली होती, दार उघडं होतं. मी बाकावर बसून राहिलो. आईला तसं बघायचा धीर होत नव्हता. ती गाडी गेली, दुसरी गेली. तिसरीत चढलो. तुम्ही विचारलंत, आता कशाला आलास, आणि मला वाटलं, तुम्हाला कळलं. तोंड दाखवायला जागा राहिली नाही, म्हणून रागावल्याचं सोंग केलं. सोंग करता करता सहा वर्षं गेली हो." तो फुलांच्या देठाला चिमटे काढत राहिला. "आज मात्र पहिल्या गाडीत चढलो. एकदा तरी बोला ना. शिव्या द्या. काहीतरी बोला."

चादर नाकापाशी थोडी ओली झाल्यासारखी वाटत होती.

"बोलतो," चादर म्हणाली. "पण तू दचकणार नाहीस असं आधी कबूल कर."

थोरला दचकला. खुर्चीसकट मागे पडला, फुलं चष्मेवाल्याच्या अंगावर आली. तो उठून उभा राहिला तेव्हा बाबा पलंगावर बसले होते, नाकावर चष्मा, डोळे लाल.

"हे काय आहे?" थोरला ओरडला. "हा काय खेळ लावलाय? तुम्ही दोघांनी मिळून...?"

"दादा, मला यातलं काही ठाऊक नव्हतं, शप्पथ!"

"तू तर गप्पच बस! तू फोनवर हसत होतास!"

"मला वाटलं, इतक्या लांबून येतोय," बाबा म्हणाले, "त्याचा हिरमोड कशाला करा. आणि जिवंतपणी मी तोंड उघडलं की काय होतं, ते एकदा पाहिलंय."

थोरला तरातरा दाराकडे गेला. बूट ओढला, एक पाय आत घातला. नाडी सापडेना. चष्मेवाल्याला त्याची पाठ दिसत होती, आणि सहा वर्षांपूर्वीची तीच पाठ त्याने पाहिली होती. अडवायला काय बोलावं ते त्याला तेव्हाही सुचलं नव्हतं आणि आताही सुचत नव्हतं.

बाबा अनवाणी पलंगावरून उतरले. चष्मा काढायचा विसरल्यामुळे भिंत धरून, एकेक पाऊल चाचपत दारापर्यंत आले.

"साडेसहाची गाडी आहे तुझी," ते म्हणाले. "चुकव."

थोरला एका पायात बूट घालून उभा होता.

"त्याच्यानंतर गाडीच नाही," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला," बाबा म्हणाले.